पाणी विचारणारं पान

आमच्या ऑफिसात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक सरांची फिरती खुर्ची आणि दुसरी आप्पांची दावण. खुर्चीचं मी समजू शकते. तिचं एक चाक निखळलेलं होतं आणि तिच्यावर तोल सांभाळायची विद्या फक्त सरांकडे होती. दावणीचं मात्र नव्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत. भिंतीच्या कडेनं खिळे ठोकून ताणलेली लोकरीची दोरी, तिला ओळीनं अडकवलेले चार्जर, आणि प्रत्येक चार्जरच्या टोकाला एकेक जुना मोबाईल बांधलेला. एकाची काच तडकलेली, एकाचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलेलं, एकाची बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगलेली.

मंचरला एका खता-औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जिन्यात कीटकनाशकाचा असा भपकारा यायचा की नवीन लागलेला माणूस पहिले आठ दिवस डोकं धरून बसायचा. पतसंस्था, रोपवाटिका, मंगल कार्यालयं, वधूवर मंडळं यांच्या वेबसाईटी आम्ही बनवायचो. मी जुन्नरहून रोज एसटीनं यायचे. आमचं घर गादीवाल्यांचं. कापूस पिंजणाऱ्या घरातली मुलगी कम्प्युटरवर नेमकं करते काय, हे अब्बांना मला कधीच धड सांगता आलं नाही. आप्पा काय करतात हे तर मी घरी सांगायचा प्रयत्नही केला नाही.

तसं पाहिलं तर आप्पांचं काम सोपं होतं. आम्ही पान बनवायचं, आप्पांनी ते दावणीतल्या प्रत्येक फोनवर उघडून बघायचं आणि कुठे अडतंय ते सांगायचं. पण ‘बिघडलंय’ हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते ‘दुखतंय’ म्हणायचे. प्रत्येक फोनला त्यांनी ज्याच्याकडून तो मिळवला त्याचं नाव ठेवलेलं. ‘पारगावचा फिटर’, ‘जुन्नरची मामी’, ‘रोपवाटिकेतला म्हातारा’. त्यामुळे सकाळी सकाळी ऑफिसात शिरावं तर आप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगत असायचे की मामीला खालचं बटण दुखतंय आणि फिटर आज काही केल्या डोळा उघडत नाही. मामी म्हणजे माझी खरोखरची मामी. तिचा फोन आप्पांनी गोड बोलून उपटला होता आणि ऑफिसातली ‘मामी’ ठणठणीत आहे ना, तिला कुठे दुखत नाही ना, अशी चौकशी खरी मामी दर ईदला करायची.

सरांनी एकदा हौसेनं आपला नवाकोरा फोन दावणीला बांधायला दिला. आप्पांनी तो उलटासुलटा करून परत केला. म्हणाले, हा बंगल्यातला हाये, ह्याला काय व्हतंय. एखादा फोन कायमचा गेला की आप्पा तो टाकून देत नसत. स्वतः मालकाच्या घरी नेऊन पोचवायचे, चहा घ्यायचे, त्या फोनबद्दल चार बऱ्या गोष्टी बोलायचे आणि येताना शक्य झालं तर त्याच घरातला दुसरा जुना फोन घेऊन यायचे.

आप्पा महाळुंगे पडवळचे. घराण्याचा धंदा मेंढरांचा. लहानपणी वडिलांबरोबर कळपामागे चालत कोकणाकडे उतरलेले, पावसाच्या तोंडाला परत फिरलेले. आता थोरल्या भावाकडे थोडी मेंढरं उरली होती, बाकी सगळे शेतीत. आप्पा तेवढे आमच्यात येऊन पडले, पण त्यांचं सगळं शहाणपण कळपामागे चालत मिळवलेलं. सरांना एकदा एका मंगल कार्यालयाच्या पानावर पडद्यावरून अक्षता पडताना दाखवायच्या होत्या. आप्पांनी ते पान दावणीवर लावलं, निम्मे फोन धापा टाकायला लागले. मग सरांना म्हणाले, "कळपाची चाल लंगड्या मेंढीवर ठरती, सर." सर वैतागले. आपण मेंढरं विकत नाही आप्पा, वेबसाईटी विकतो, असं काहीतरी बोलले. आप्पा खांद्यावरची घोंगडी सारखी करत म्हणाले, "इकता तुमी. हाकतो मी." अक्षता पडायच्या राहिल्या त्या राहिल्याच. ती घोंगडी ते एसीसाठी बारा महिने पांघरायचे.

खरं तर आप्पा आमच्याकडे नोकरी मागायला आलेच नव्हते. भांडायला आले होते. पुतणीसाठी स्थळं बघायला त्यांनी आम्ही बनवलेलं वधूवर मंडळाचं पान उघडलं आणि ते त्यांच्या फोनवर अर्धंच उघडलं. सरांनी नेहमीचं उत्तर दिलं, फोन जुना झालाय, नवा घ्या. आप्पा म्हणाले, पोरीचं लगीन फोन बघून ठरतंय का, आणि बाकावर मांडी ठोकून बसले. दुपारी त्यांनी फडकं सोडून भाकरी काढली, आम्हा सगळ्यांच्या डब्यात न विचारता ठेचा वाढला आणि पुन्हा बसले. संध्याकाळी ब्याद जावी म्हणून मी ते पान दुरुस्त केलं. आप्पांनी खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, मान डोलावली आणि खिशातून दुसरा फोन काढला. हा थोरल्या भावाचा, म्हणाले, आता ह्याच्यावर बघा. पुढच्या आठवड्यात सरांनी त्यांना कामावर घेतलं. तक्रार घेऊन आलेला माणूस असा आमच्या हजेरीपटावर चढला.

टेबलाशी बसून मोबाईल तपासणं त्यांना मान्य नव्हतं. ते टळटळीत दुपारी गच्चीवर जाऊन उन्हात अक्षर दिसतं का बघायचे. भजी खाऊन झाली की हात न धुता तेलकट अंगठ्यानं बटणं दाबायचे. मी ओरडले तर म्हणायचे, शेतकऱ्याचा अंगठा काय साबणानं धुऊन येतो का. नेट कुठे तुटतं ते बघायला एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून जुन्नरपर्यंत आले होते एकदा, आणि वाटेत फोनशी एवढं बोलले की कंडक्टरनं मला हळूच विचारलं, पाव्हण्यांची तब्येत बरी आहे ना.

आता मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. तिथेही जुने-नवे फोन ठेवलेत, काचेच्या कपाटात, क्रमांक घालून. कुणाला काही दुखत नाही. मला फार चुकल्यासारखं होतं.

आता मला सांगायचंय ते एका अपडेटबद्दल. ज्यातून आपण वेबसाईट उघडतो तो ब्राउझर, आणि त्याच्या पोटात बसून पान वाचणारं, पडद्यावर मांडणारं ते त्याचं इंजिन. आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, बॉनेट लाल असू दे न्हाईतर निळं, नांगर वढतंय ते इंजिन. ह्या इंजिनाची नवी आवृत्ती दर महिना-दीड महिन्यानं यायची. तिच्यात काय काय बदललं याची यादी तिकडचे लोक इंग्रजीत टाकायचे. जगातल्या बहुतेकांना ती यादी असते हेही माहीत नसतं. आमच्याकडे मात्र तिचं रीतसर वाचन व्हायचं, गुढीपाडव्याला देवळात पंचांग वाचतात तसं. खालून चहा आला की आप्पा बशी हातात धरून डोळे मिटून बसायचे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायचे. आणि प्रत्येक ओळीनंतर आप्पांचा एकच प्रश्न, हे कुणाचं दुखलं व्हतं?

पहिल्यांदा मला हसू आलं. मग मीही अंदाज बांधायला लागले. फोटो आता खाली सरकवल्यावरच उतरतील, अशी ओळ आली. आप्पा म्हणाले, कुणाचा तरी नेटपॅक दुपारीच संपत असंल. उघडी ठेवून विसरलेली पानं आता झोपी जातील, अशी आली. म्हणाले, कुणाची तरी बॅटरी सांजच्याला दगा देत असंल. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे जगात कुठेतरी कुणीतरी केलेली तक्रार, आणि कुणीतरी ती ऐकली, असं त्यांचं गणित. मी लवकर चिडणारी बाई आहे, पण त्या गणितानं मला बरं वाटायचं हे कबूल करते.

अर्थात एकाचं औषध दुसऱ्याला बाधायचंच. फोटोंच्या त्या सोयीनंतर पारगावहून एका मुलीच्या मामांचा फोन आला. म्हणाले, वरची वरची पोरं दावताय, खालची चांगली लपवून ठेवलीत व्हय? मंगल कार्यालयाचा मॅनेजर बुकिंगचं पान दिवसचे दिवस उघडं ठेवायचा. ते पान झोपी गेलं, त्याला तारीख मोकळीच दिसत राहिली, आणि एका तिथीला दोन वऱ्हाडं दारात. मी म्हणायचे, चालतंय ते चालू का देत नाहीत ही माणसं? आप्पा म्हणायचे, "पोरी, नवीन आलं की लगीच शिव्या घालू न्हाई, अन् लगीच कळपात बी सोडू न्हाई."

त्यांची रीत ठरलेली होती. बाजारातून नवी मेंढी आणली की तिला आधी बाजूला बांधायचं, खातीय का, खोकतीय का बघायचं आणि मगच कळपात मिसळायचं. तशी नवी आवृत्ती आधी दावणीच्या टोकाच्या एकाच फोनवर. त्याच्या कपाळाला ते हळदीचं बोट लावायचे. काही दिवस निगराणी झाली की म्हणायचे, सोडलं. प्रत्यक्षात जगभरचे फोन आपले आपण अपडेट व्हायचे, आप्पांना कुणी विचारत नव्हतं. पण महाळुंगे पडवळच्या एका माणसाच्या परवानगीशिवाय हे इंजिन आंबेगाव तालुक्यात शिरत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती मोडायचं काही कारण नव्हतं.

मग अवसरी बुद्रुकचं काम आलं. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. पुण्यातल्या सोसायट्या पानावर भाजीची ऑर्डर टाकायच्या आणि संध्याकाळच्या टेम्पोनं माल जायचा. ऑर्डरी घेणारी होती सुरेखा. तिशीची बाई, लग्नानंतर डोळ्यांच्या दुखण्यानं हळूहळू नजर गेली आणि ती माहेरी परत आली. पण फोन चालवायला शिकली होती. पडद्यावर बोट फिरवलं की त्याखालची अक्षरं फोन वाचून दाखवतो, ती सोय वापरून. फोन सांगेल ते ऐकायचं, कुणाच्या रानातून काय तोडायचं ते फोनवरून कळवायचं आणि शेडातल्या माणसांना मोठ्यानं सांगायचं, असं तिचं काम. तिचा आवाज खणखणीत होता. शेडातला गोंधळ तिच्या एका हाकेनं गप्प व्हायचा.

हे पान बघायचं नसून ऐकायचं आहे म्हटल्यावर आप्पांच्या अंगात आलं. घरात शिरल्यावर माणसाला पहिल्यांदा ऐकू काय येतं, असं त्यांनी आम्हाला विचारलं. त्यांच्या स्वतःच्या घरी तर दारात आलेला पोस्टमनसुद्धा गूळपाणी घेतल्याशिवाय सुटत नसे. तेव्हा पानानं आधी स्वागत करायचं हे ठरलं. काय म्हणून करायचं यावर दोन दिवस घोळ. सर म्हणाले नमस्कार, खालचा खतवाला म्हणाला राम राम. आप्पांनी मला विचारलं, तुमच्यात काय म्हणत्यात? मी म्हटलं, म्हणतात सलाम, पण अम्मीही आधी पाणीच विचारते. आप्पा खूश झाले. तहानेला जात नसती म्हणाले, आणि पानाच्या माथ्यावर ओळ गेली, ‘या पावणं, बसा, पाणी घ्या.’

एवढ्यावर भागलं असतं तर आप्पा कसले. मजकुराला एक खूण करता येते, की हा तातडीचा आहे, बाकी सगळं सोडून आधी हे वाच. ती खूण आग लागली, पूर आला अशा वेळची. आप्पांनी ती स्वागताला लावायला लावली. मी म्हटलं, ह्यात तातडी कसली? तर म्हणे, पाव्हण्याला पाणी मागनं इचारत्यात का. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खूण लावणं सोपं होतं. त्या वेळचं इंजिन ह्या खुणेकडे फारसं लक्ष द्यायचं नाही. पान पहिल्यांदा उघडलं की एकदा स्वागत ऐकू यायचं, पुढे गप्प. सुरेखा पहिल्या दिवशी हसली, आणि काम सुरळीत चालू झालं.

मग त्या वर्षी हिवाळ्यात एक आवृत्ती आली. यादीत ओळ होती की तातडीची खूण असलेला मजकूर आता पान ताजं होईल तेव्हा दरवेळी वाचला जाईल, आधी तो राहून जात होता. आप्पांना ती ओळ सगळ्यांत आवडली. कुणा तरी आंधळ्या माणसाचं मोक्याच्या वेळी ऐकायचं राहिलं असंल, म्हणाले, चांगलं केलं बाबांनी. टोकाच्या फोनला हळद लागली. आप्पांनी आपल्या दोन्ही डोळ्यांनी चार दिवस तो निरखला, कुठे खोकला नाही. सोडलं, म्हणाले.

आठवडा झाला नसेल, सुरेखाचा फोन आला. पान येडं झालंय, म्हणाली. नवी ऑर्डर पडली की पान ताजं व्हायचं आणि फोन हातातलं वाचन टाकून म्हणायचा, या पावणं, बसा, पाणी घ्या. तिला बोट पुन्हा पानाच्या माथ्यापासून फिरवावं लागायचं. सकाळी ऑर्डरींची रीघ लागते. कोथिंबीर कुणाला आणि किती, हे ऐकायच्या आत पुढची ऑर्डर पडायची आणि पुन्हा बसा, पाणी घ्या. दोन दिवस टेम्पो अर्धवट गेला होता, सोसायट्यांचे शिव्याशाप चालू होते. कंपनीचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण तो तिला सांगून गेला होता की शनिवारच्या टेम्पोपर्यंत जमलं तर बघू, नाहीतर रविवारपासून पुतण्याला बसवतो, तू घरी आराम कर. हे सांगताना तिचा तो खणखणीत आवाज एकदम बारीक झाला.

आप्पांनी त्या दिवशी डोळ्यांना पंचा बांधला तो संध्याकाळी सोडला. मी खोट्या ऑर्डरी टाकायच्या आणि त्यांनी ऐकून त्या टिपायच्या. एक धड टिपता आली नाही. मधेच पाणी प्यायला उठले ते चाचपडत सरांच्या खुर्चीत बसले आणि खुर्चीसकट भुईवर आले. एरवी आम्ही आठवडाभर हसलो असतो. पंचा काढल्यावर त्यांचे डोळे लाल होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अपडेटला शिवी देताना ऐकलं.

इंजिन बनवणाऱ्यांकडे कुणालाही तक्रार नोंदवता येते. आप्पांनी सांगितली, मी इंग्रजीत लिहिली. सुरुवातीला ‘आपली तब्येत बरी असेल अशी आशा’ हे हवंच म्हणून अडून बसले. मी म्हटलं, तिथे असलं कुणी लिहीत नाही. मग तर लिहाच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिकडच्या कुणा बाईचं उत्तर आलं. तिची तब्येत बरी होती. विचारल्याबद्दल तिनं आभार मानले होते. आणि पुढे फार सभ्यपणे लिहिलं होतं की तुमचं पान जे सांगतंय तेच आम्ही करतोय. आधी आम्ही ही खूण ऐकत नव्हतो. कुठल्याशा देशातल्या एका न दिसणाऱ्या माणसाला त्यामुळे धोक्याची सूचना ऐकू आली नाही, म्हणून दुरुस्त केलं. तुमचा मजकूर खरंच तातडीचा आहे का, तेवढं बघावं.

मी सगळं मराठीत सांगितलं. आप्पांनी दावणीतला हळद लावलेला फोन हातात घेतला. मग म्हणाले, "म्हंजी ते इंजिन आता आपलं ऐकाया लागलंय."

मी म्हटलं, हो.

"अन् आपुनच नको ते बोलतोय."

एका मिनिटाचं काम होतं. ती ओळ काढून टाकायची. मी हात घातला तर आप्पांनी कीबोर्डवर पंजा ठेवला. पाव्हण्याचं पाणी तोडायचं का, म्हणाले. आवाज बारीक करता येईल का, दर तासाला एकदा म्हणता येईल का, नुसतं पाणीच विचारलं तर, असं काय काय सुचवत राहिले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या पाण्यापायी तिचं काम जाईल. मी त्यांच्यावर असा आवाज कधी चढवला नव्हता. ते रागावले नाहीत. म्हणाले, पाणी तिला इचारतोय, तर बंद करायचं का ते बी तिलाच इचारू.

शनिवारी वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडाप जीपनं आम्ही दोघं अवसरीला गेलो. लॅपटॉपची बॅग आप्पांनी पोटाशी धरलेली. शेडात कांद्याच्या पातीचा वास, क्रेटांचे ढीग आणि दाराशी सुरेखा, फोन कानाला लावून उभी. बसायला खुर्ची होती पण ती उभीच होती. मॅनेजरही आलेले आणि बाजूला त्यांचा पुतण्या नवीन शर्ट घालून हजर. फोन एकसारखा म्हणत होता, या पावणं, बसा, पाणी घ्या. शेडातल्या बायका आता त्याच्याबरोबर ते म्हणून हसत होत्या. सुरेखा हसत नव्हती.

आप्पांनी तिला सगळं खरं सांगितलं. इंजिनाची चूक नाही ताई, माझी हाये, असं सुरुवातीलाच म्हणाले. मग आपला तोडगा मांडला. तातडीची खूण काढतो. म्हणजे मधे मधे बोलणार नाही. सकाळी पान उघडलं की एकदा म्हणंल तेवढं, पहिल्यासारखं.

सुरेखानं फोन कानावरून खाली घेतला.

"एकदा बी नको, आप्पा," ती म्हणाली.

आप्पा गोंधळले. एकदानं काय व्हतंय ताई, रीत हाये ती, असं काहीसं पुटपुटले.

"डोळं गेल्यापासनं घरात समदी मला बसच म्हणत्यात. चुलीकडं निघाले की बस. दळण आणाया निघाले की बस. पाणी पायजे का, हितंच आणून देतो, तू बस. माझ्याच घरात मी पावणी झालीय. ह्या शेडात मला कुणी बस म्हणत न्हाई. हितं मी उभी ऱ्हाते, वरडते, भांडते. अन् आता ह्यो फोन बी मला बस म्हणाया लागलाय." तिनं तोंड आप्पांच्या आवाजाकडे वळवलं. मग शांतपणे म्हणाली, "घरच्या माणसाला कुणी या-बसा म्हणतं का, आप्पा?"

शेडातल्या बायकांचं हसणं थांबलं होतं. मॅनेजर पायातल्या चपलेकडे बघत होते.

आप्पा माझ्याकडे वळले. काढ, एवढंच म्हणाले.

मी तिथेच एका क्रेटावर लॅपटॉप ठेवून ती ओळ काढली. सुरेखानं पान पुन्हा उघडलं. फोन क्षणभर गप्प राहिला आणि मग सरळ ऑर्डर वाचायला लागला. वांगी, टोमॅटो, मेथी. मधे नवी ऑर्डर पडली, बोट जागचं हललं नाही. तिनं तोंड शेडाकडे वळवलं आणि हाक दिली, वांगी कमी पडत्यात, पडवळांच्या रानात फोन लावा. सगळी माणसं एकदम हलली. तासाभरात क्रेटांची रांग टेम्पोपर्यंत लागली. मॅनेजर थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग पुतण्याला म्हणाले, शर्ट काढून ठेव आणि क्रेट उचलू लाग.

आम्ही दोघं दाराशी उभे. त्या धांदलीत आमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. पाच वाजत आले होते, सकाळपासून आमच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आप्पा घोंगडीची टोकं चाळवत होते. कुणाच्या दारात त्यांना इतका वेळ नुसतं उभं राहावं लागलं नसेल. दोन ऑर्डरींच्या मधल्या उसंतीत, मान न वळवता, सुरेखा म्हणाली, "आप्पा, माठ दारामागं हाये. घ्या हातानं. ताईला बी द्या."

आणि ती पुन्हा फोन ऐकायला लागली. आप्पांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. मग दारामागे गेले, माठात तांब्या बुडवला, आधी मला दिला, मग स्वतः घटाघटा प्यायले, तांब्या विसळला आणि माठावर पालथा घातला, घरच्यासारखा.